टीपीआरच्या कागदावरचे तीन आकडे

प्रश्न विचारणारी मुलगी गडचिरोली जिल्ह्यातली आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि आता नागपुरात जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षाला आहे. तिने लिहिलं आहे, "मॅडम, अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी पाठ करते आणि आठ दिवसांत विसरते. २०६ हाडं, शेकडो स्नायू, सगळी नावं लॅटिन नाहीतर इंग्रजी. सुरुवात कुठून करू? परीक्षेसाठी आकृत्या कशा काढू? आणि हे सगळं वॉर्डात नक्की कुठे लागतं?"

बेटा, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्यांची उत्तरं बरीचशी त्यातच आहेत. मी नऊ वर्षं वॉर्डात काढली आणि त्यानंतर सव्वीस वर्षं मुलींना हाच विषय शिकवला. विसरणाऱ्या मुली बहुतेक पुस्तकाच्या क्रमाने वाचतात. आधी पेशी, मग ऊती, मग हाडं, मग स्नायू. पुस्तकाला काहीतरी क्रम लावावाच लागतो, शरीर मात्र असं प्रकरणाप्रकरणाने चालत नाही. तू पोस्टिंगला गेलीस की पहिल्याच दिवशी तुझ्या हातात टीपीआरचा चार्ट देतील. टेम्परेचर, पल्स, रेस्पिरेशन. हे तीन आकडे कुठून येतात ते कळलं की निम्मं पुस्तक कळलं असं समज. तिथूनच सुरू करू.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. शरीराचं आतलं तापमान ३७. उष्णता जास्त तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे जाते, म्हणजे भर दुपारी बर्डीच्या बाजारात उभी असलेली बाई बाहेरून उष्णता घेत असते. वर तिचं यकृत, मेंदू, हृदय आणि स्नायू आतून उष्णता तयार करतच असतात. तरी ती ३७वर कशी टिकते? तिच्याकडे एकच वाट उरलेली असते, घाम वाळण्याची.

घरचा कूलर आठव. ताटीवर पाणी झिरपतं, पंखा कोरडी हवा आत ओढतो आणि पाणी वाफ होऊन उडताना त्या हवेतली उष्णता घेऊन जातं. तोच कूलर जुलैत लावला तर खोली नुसती दमट होते, कारण हवेत आधीच बाष्प असतं आणि ताटीवरचं पाणी उडत नाही. आपली त्वचा म्हणजे हीच ताटी. तिच्यावर साधारण २० ते ४० लाख घर्मग्रंथी पाणी सोडतात आणि १ लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता अंगाबाहेर जाते. जो घाम न वाळता टपकतो त्याचा थंडाव्याला उपयोग शून्य. पाऊस तोंडावर आला की पारा उतरूनही जीव जास्त कासावीस होतो, तो यामुळेच.

आता या एका थेंबाच्या मागे मागे जा. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आहे, तिथे रक्ताचं तापमान कळतं आणि तिथूनच हुकूम सुटतो. त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंद होतात, आतलं गरम रक्त वर येतं, हृदयाला जास्त काम पडतं, नाडी वाढते. घामाचं पाणी येतं प्लाझ्मामधून (रक्तातला पातळ भाग), म्हणून रक्ताचं आकारमान घटू लागतं. लगेच मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून एडीएच हे संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडाला सांगतं, पाणी राखून ठेव. अ‍ॅड्रिनलमधलं अल्डोस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक मीठ राखायला सांगतं. लघवी थोडी आणि गडद पिवळी होते, तहान लागते. त्वचा, मज्जासंस्था, रक्ताभिसरण, उत्सर्जन, अंतःस्रावी ग्रंथी, अशी पाच प्रकरणं एका घामाच्या थेंबात येऊन गेली. यातलं काही तुला वेगळं पाठ करावं लागेल असं मला वाटत नाही.

मूत्रपिंडाचा हिशोब मात्र वहीत लिहून ठेव, तो फार सुंदर आहे. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि आपण लघवी करतो जेमतेम दीड लिटर. उरलेलं सगळं नळ्यांमधून परत रक्तात घेतलं जातं. अंगात प्लाझ्मा असतो सुमारे ३ लिटर. १८०ला ३ने भाग. तोच प्लाझ्मा दिवसातून साठ वेळा गाळून निघतो. उन्हाच्या झटक्याने रक्तदाब पडला की मूत्रपिंडाकडे रक्त कमी जातं आणि हे गाळणं मंदावतं. पेशंटच्या युरिन बॅगमध्ये तासाला किती लघवी जमली हे सिस्टर इतक्या काळजीने का लिहितात ते आता कळेल.

ताप आणि उष्माघात यांत फरक काय, हे मी दर वर्षी व्हायवात विचारत असे आणि चांगल्या हुशार मुलीही अडकत. तापात हायपोथॅलॅमसनेच पातळी वर नेलेली असते. त्याला ३९ हवे असतात, अंग ३७वर असतं, म्हणून पेशंटला हुडहुडी भरते आणि तो पांघरूण मागतो. पॅरासिटामॉल ही वर नेलेली पातळी खाली आणतं. उष्माघातात पातळी ३७चीच असते, पण थंड करणारी यंत्रणा हरलेली असते. तिथे पॅरासिटामॉल काही करू शकत नाही. अंग ओलं करणं, पंखा, गार पाणी, बर्फ, हेच काम करतं आणि तेही ताबडतोब. आतलं तापमान ४०च्या वर आणि माणूस बरळतोय किंवा शुद्ध हरपतेय, एवढं दिसलं की थांबायचं नाही. घाम पूर्ण बंद झालेला असतो असं पुष्कळ जण सांगतात, पण उन्हात राबताना झटका बसलेल्या मजुराचं अंग घामाने चिंब असू शकतं. त्यावर विसंबू नकोस.

उन्हाळ्यात आजी पन्हं देते, त्यात गूळ किंवा साखर असते आणि चिमूटभर मीठही. ते मीठ नुसतं चवीचं नाही. लहान आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन आहे, ते सोडियम आणि ग्लुकोज दोघांना जोडीनेच आत घेतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. ओआरएसचं पुडकं याच एका प्रथिनावर उभं आहे. हगवणीने आतडं बेजार असतानाही हा वाहक बहुधा शाबूत असतो. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडावाटे देऊन असंख्य जीव वाचवले. आतड्याच्या भिंतीची आकृती काढताना ही गोष्ट आठव, मग व्हिलाय, म्हणजे हा वाहक जिथे असतो ती आतड्याच्या आतली बोटांसारखी बारीक टोकं, कधी विसरणार नाहीस.

पल्स. तीन बोटं मनगटावर अंगठ्याच्या बाजूला ठेव. तिथेच का? कारण तिथे रेडियल धमनी त्वचेच्या अगदी खाली आहे आणि तिच्या मागे रेडियस हाडाचा सपाट भाग आहे, त्यावर ती दाबता येते. धमनी वर असून चालत नाही, मागे टेकायला हाडही लागतं. मानेत, घोट्यापाशी, पायाच्या वरच्या बाजूला, जिथे जिथे नाडी लागते तिथे खाली काय आहे ते चाचपून बघ. अंगठ्याने मोजू नको, स्वतःच्या अंगठ्याची धडधड पेशंटची समजून मोजशील.

एका ठोक्याला डावं निलय, म्हणजे हृदयाचा खालचा डावा कप्पा, साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर फेकतं. मिनिटाला ७२ ठोके धर. झाले ५ लिटर, म्हणजे अंगातलं जवळपास सगळं रक्त मिनिटाभरात एक फेरी पूर्ण करतं. इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वीने १६२८ साली असाच हिशोब मांडला होता. त्याच्या आधी जवळपास दीड हजार वर्षं लोक मानत की यकृत अन्नापासून नवं रक्त करत राहतं आणि अंग ते संपवत राहतं. हार्वीने गुणाकार केला आणि विचारलं, अर्ध्या तासात हृदयातून जेवढं रक्त जातं तेवढं तर अख्ख्या शरीरात नसतं, मग रोज इतकं नवं येईल कुठून? तेच परत येत असलं पाहिजे. धमन्यांतून शिरांत ते कसं जातं हे त्याला दिसलं नव्हतं. तो १६५७ला गेला आणि १६६१ला इटलीतल्या माल्पिगीने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या. मला ही हकिगत फार आवडते, कारण नुसत्या हिशोबावर त्याने न दिसलेली गोष्ट ओळखली.

हार्वीचा एक प्रयोग तू होस्टेलवर करून बघ. मैत्रिणीच्या दंडाला टुर्निके (आवळायची पट्टी) बांध, फार घट्ट नको, मनगटाची नाडी लागत राहिली पाहिजे. हातावरच्या शिरा फुगतील आणि मधेमधे गाठी दिसतील. त्या झडपा. एका शिरेवर बोट दाबून ठेव आणि दुसऱ्या बोटाने रक्त खांद्याच्या दिशेने पुढच्या झडपेपलीकडे सारून दे. वरून ते परत खाली उतरत नाही, मधली शीर रिकामी राहते. उद्या आयव्ही कॅन्युला लावताना सुई झडपेत अडकते तेव्हा हा प्रयोग तुझ्या बोटांना आठवेल. झाला की टुर्निके लगेच सोड.

आता रेस्पिरेशन, आणि इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. मी दुसऱ्या वर्षाला होते, नाइट ड्यूटी, वॉर्ड भरलेला. टेम्परेचर आणि पल्स नीट घेतली आणि श्वासाच्या रकान्यात सरसकट २० लिहून टाकले. सगळ्या तसंच करत. पहाटे सीनियर सिस्टर फेरीला आल्या, एका खाटेपाशी थांबल्या आणि मला म्हणाल्या, "आता माझ्यासमोर मोज." ३४ भरले. त्या म्हाताऱ्या बाबांना न्यूमोनिया होता आणि रात्रभर त्यांचा श्वास वाढत गेला होता. तापमानात फारसं काही दिसत नव्हतं, वय झालं की ताप कधीकधी चढतच नाही. श्वास सांगत होता आणि मी मोजला नव्हता. ते बाबा वाचले, पण तो वीसचा आकडा अजून माझ्या डोळ्यांपुढे येतो. म्हणून पूर्ण मिनिट मोज. पल्स मोजून झाली की बोटं मनगटावर तशीच ठेव आणि नजर छातीकडे ने. "श्वास मोजते" असं सांगितलंस तर पेशंटचा श्वास लगेच बदलतो, कारण श्वासावर दोन मालक आहेत. मेड्युला, म्हणजे मेंदूचा अगदी खालचा भाग, आपोआप चालवतो आणि मेंदूचा वरचा भाग हवं तेव्हा हातात घेतो. हृदयाचं तसं नाही.

मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २०, नवजात बाळाचा ३० ते ६०. एका साध्या श्वासात ५०० मिलिलिटर हवा आत येते, त्यातली १५० नाक आणि नळ्यांमध्येच राहते, वायुकोशांपर्यंत जात नाही. धापा टाकणाऱ्या माणसाचे उथळ श्वास संख्येने खूप असले तरी पुरत नाहीत ते या १५०मुळे. त्याला उशा लावून अर्धवट बसवतात तेव्हा पोटातले अवयव खाली सरकतात आणि श्वासपटलाला जागा मिळते. आणि बाळाने शेंगदाणा श्वासनळीत ओढला तर तो बहुधा उजवीकडे सापडतो, कारण उजवी शाखा रुंद, आखूड आणि जास्त उभी असते.

आता हाडं. २०६ आकड्याने घाबरू नकोस. मनगटापासून पुढचे दोन्ही हात आणि घोट्यापासून पुढची दोन्ही पावलं मिळून १०६ होतात, आणि डावं-उजवं सारखंच असल्यामुळे खरं पाठांतर त्याच्या निम्म्यावर येतं. बोन सेट घेऊन बसण्याआधी एक कर. चटईवर उताणी झोप आणि कुठे कुठे टोचतंय ते बघ. डोक्याची मागची बाजू, खांद्याची पाती, कोपरं, माकडहाडाच्या वरचा त्रिकोण, टाचा. ऑक्सिपुट, स्कॅप्युला, ओलेक्रेनॉन, सेक्रम, कॅल्केनियस. आता कुशीवर हो. कान, खांदा, मांडीच्या वरचा टेंगूळ म्हणजे ग्रेटर ट्रोकँटर, गुडघ्याची बाजू, घोटा. हाच बेडसोरचा, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमांचा, नकाशा. जिथे हाड आणि त्वचा यांच्यामध्ये मांसाची गादी नाही, तिथे दाबाने केशवाहिन्या बंद होतात आणि त्वचा मरू लागते. दर दोन तासांनी कूस बदलायची ते याच कारणाने. माझ्या मुलींना हाडं अशी शिकवली की विसरत नसत.

कुल्ल्यावरचं इंजेक्शन वरच्या बाहेरच्या चौथाईत का, तर आतल्या-खालच्या बाजूने सायटिक नर्व्ह जाते. एनिमा देताना डाव्या कुशीवर का, तर सिग्मॉइड कोलन, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा वळणदार भाग, डावीकडे आहे. बायकांना मूत्रमार्गाचा संसर्ग जास्त का, तर त्यांची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटर असते आणि पुरुषांची १८ ते २०. अशी "का" वाली पानं वहीत वाढवत जा. स्नायूंची रचना तर संत्र्यात दिसते. वरची साल हे अख्ख्या स्नायूवरचं आवरण, फोडीवरची पातळ साल हे तंतूंच्या जुडग्यावरचं आवरण, आणि फोडीतली रसाची एकेक पिशवी म्हणजे आपापल्या आवरणातला एकेक तंतू. सोलून बघ आणि मग पुस्तकातली आकृती बघ.

नावांचं सांगते. शाळेत अलिंद-निलय, रोहिणी-नीला शिकलीस, ते टाकू नको, शेजारी एट्रियम-व्हेंट्रिकल, आर्टरी-व्हेन लिही. पेशंटशी बोलायला मराठी लागणार आणि नोट्स लिहायला इंग्रजी. लॅटिन-ग्रीक नावांची रोज लागणारी मुळं थोडीच आहेत. हेपॅट म्हणजे यकृत, नेफ्र म्हणजे मूत्रपिंड, गॅस्ट्र म्हणजे जठर, आणि आयटिस म्हणजे दाह. तीन अवयव आणि एक शेपूट, तीन आजारांची नावं झाली. मात्र नागपुरात एका घोळापासून सावध राहा. आपण स्नायू म्हणतो तो मसल, पण हिंदी पुस्तकात स्नायु म्हणजे कुठे नर्व्ह, तर कुठे हाडाला हाड जोडणारा लिगामेंट. मैत्रिणीची हिंदी गाइड वाचून गोंधळलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. आणि पेशंट "नस" म्हणतो तेव्हा थांबून विचार. "नस सापडत नाही" मध्ये ती शीर असते, "नस दबली" मध्ये चेतातंतू, आणि रात्री पोटरीत "नस चढली" म्हणजे स्नायूचा गोळा. बोटाने दाखवायला सांग.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण तुझ्या जिल्ह्यातून आलेल्या प्रत्येक मुलीला मी सांगते. तांबडी पेशी मधे दोन्हीकडून दबलेली, केंद्रकाशिवायची, ७ ते ८ मायक्रॉनची असते, आणि मऊ असल्यामुळे तिच्याहून अरुंद केशवाहिनीतूनही वाकून जाते. सिकल सेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. एवढाच बदल. ऑक्सिजन कमी झाला, अंगातलं पाणी आटलं की असं हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटून काड्या बनतं, पेशी कोयत्यासारखी ताठ होते आणि बारीक वाहिनीत अडकते. म्हणून हाडं आणि सांधे असह्य दुखतात. निरोगी पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसच, म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे. विदर्भात हा आजार पुष्कळ भेटतो. उन्हाळ्यात अशा लेकराला पाणी पाजत राहा असं आपण आईला सांगतो, त्यामागे घाम, मूत्रपिंड आणि पेशीचा आकार, वर बोललो ते सगळं आहे. दुखतंय म्हणून रडणारं लेकरू ढोंग करतंय असं कुणी वॉर्डात म्हणालं, तर तू तरी तसं समजू नकोस.

राहिल्या आकृत्या. हृदय, नेफ्रॉन (मूत्रपिंडातली गाळणारी नळी), चेतापेशी, त्वचेचा छेद, डोळा, कान, पचनसंस्था, इतक्या पक्क्या कर. पुस्तक समोर ठेवून उतरवायच्या नाहीत. एकदा नीट बघ, मिटून ठेव, आठवणीने काढ, मग उघडून लाल पेनाने चुका दुरुस्त कर. तिसऱ्या खेपेला लाल शाई क्वचितच लागते. हृदयात मुली हमखास डावं-उजवं उलटं करतात. आकृतीतलं हृदय समोर उभ्या असलेल्या माणसाचं असतं, म्हणून त्याची उजवी बाजू कागदावर तुझ्या डाव्या हाताला येते. काढून झालं की कागद स्वतःच्या छातीवर धर, चित्र बाहेरच्या बाजूला करून. आता उजवं अलिंद तुझ्या उजवीकडे आलं पाहिजे आणि जाड भिंतीचं निलय डावीकडे.